शेवटची सायकल

लांब पल्ल्याच्या सायकल सहलींत माझी जागा ठरलेली असते, सगळ्यांच्या मागे. आमच्या कामात त्याला स्वीप म्हणतात. पुढे वाट दाखवणारा असतो, मधे आपापल्या चालीने जाणारे पंधरा-वीस जण, सामानाचा टेम्पो कधी पुढे तर कधी मागे, आणि शेवटी जो कोणी असेल त्याच्या मागे मी. त्याला ओलांडून जायचं नाही, एवढाच या कामाचा नियम. तो थांबला की थांबायचं. तो चढावर उतरून चालायला लागला तर आपणही उतरायचं. हॅन्डलला लावलेल्या पिशवीत ट्यूब, पंक्चरचं सामान, साखळीची जोडकडी, मीठ-साखर, क्रेप बँडेज. या कामाचे मला पैसे मिळतात, आणि पोटासाठी करायच्या कामांत याहून मनाजोगतं काम मला अजून सापडलेलं नाही.

बघणाऱ्याला वाटतं, मागे राहिलेली बाई म्हणजे जिला पुढे जाणं जमत नाही ती. पण रस्ता खरा भेटतो तो शेवटच्यालाच. पुढची पंधरा माणसं जातात तेव्हा गाव नुसतं बघत राहतं. रंगीत कपडे, हेल्मेट, काळे चष्मे. शेवटचा येईपर्यंत नवलाई ओसरलेली असते आणि काय विचारायचं ते लोकांना सुचलेलं असतं. "कुठनं आला?" "स्पर्धा हाय का?" "बक्षीस काय हाय?" स्पर्धा नाही आणि बक्षीसही नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, "मग कशापायी?" याचं उत्तर मी दर वेळी मनापासून द्यायला बघते, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

सातारा ते पंढरपूर हा आमच्या एका सहलीतला सगळ्यात मोठा दिवस. अंतर १३५-१४० किलोमीटर. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, भाळवणी अशी वाटेवरची गावं. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या सायकल सफरी करणाऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटेल, ते २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवतात आणि त्याचं प्रमाणपत्र मिळवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आमच्याबरोबर येणारा माणूस घड्याळाशी झगडायला आलेला नसतो. त्याला दिवसभर सायकल चालवून संध्याकाळी दुसऱ्या गावात पोचायचं असतं, बस.

आणि हे जमतं ते या गावांमुळे. ही बाजाराची गावं अशी अंतराअंतराने वसली आहेत, ते उगाच नाही. डोक्यावर पाटी घेऊन किंवा बैलगाडी जुंपून सकाळी वाडीवरून निघालेला माणूस बाजार करून दिवेलागणीच्या आत घरी परतला पाहिजे, या हिशेबाने त्यांचा जम बसला. मोटारीला हा हिशेब लागत नाही. सायकलला तंतोतंत लागतो. पाण्याची बाटली रिकामी होता होता, मांड्या भरून येता येता पुढचं गाव येतं. म्हणून मी सहलीचा मार्ग आखणाऱ्यांशी एका गोष्टीवर कायम भांडत आले आहे. बाह्यवळणाने जायचं नाही, गावातून जायचं. बाह्यवळणावर वेळ वाचतो हे खरं, पण शेवटच्या माणसाला तिथे सावली मिळत नाही, चहा मिळत नाही आणि बोलायला कोणी मिळत नाही.

याच सातारा-पंढरपूर टप्प्याचा जानेवारीतला एक दिवस होता. शेवटची सायकल त्या दिवशी बाईंची होती. खानदेशातल्या निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेल्या. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना बाई म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले. त्यांचा वेग ताशी बारा-तेरा, चढावर पाच-सहा. पण तो वेग सकाळी जो असायचा तोच दुपारी असायचा. जोरात निघून अकरा वाजता ढेपाळणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यापेक्षा अशा एका चालीच्या माणसामागे राहणं मला आवडतं.

सहाच्या सुमाराला साताऱ्यातून निघालो. माहुलीला कृष्णेच्या पुलावर थंडीने बोटं आखडली होती. याच कृष्णेचं पाणी जिहे-कठापूर योजनेतून उपसून खटावमधल्या नेर तलावात आणि तिथून बोगद्याने माणमधल्या आंधळी धरणात नेलं आहे. मोटारीतून जाताना हे वाचून सोडून देण्यासारखं वाटतं. सायकलवर त्या पाण्याला किती चढ चढावा लागला असेल ते मांड्यांना कळतं, कारण चढायचा तोच उंचवटा आपल्यालाही असतो.

कोरेगावपर्यंत ऊस आणि आलं. पुढे वर्धनगडच्या घाटाकडे जाताना हिरवा रंग विरळ होत जातो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पूर्वेच्या माण तालुक्यात पाचशे गाठायची मारामार. हे आकडे शाळेत पाठ केले होते, पण ते खरे होताना मी पाहिले ते या रस्त्यावर. डोंगरांच्या अंगावर समतल चरांच्या आडव्या रेघा दिसतात. याच कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, पहिला क्रमांक मिळवला होता. हातात फावडं घेऊन खणलेल्या त्या रेघा अशा संथ चालीनेच बघाव्यात.

घाटात उसाचे ट्रॅक्टर लागले. मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, आणि गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की चालवणाऱ्याला मागचंपुढचं काही ऐकू जाणं शक्य नाही. रस्ता आता सिमेंटचा झालाय, चालवायला गुळगुळीत, पण त्याची कड आणि शेजारची मुरमाची साइडपट्टी यांत जागोजागी चांगली वीतभर खोली आहे. घाईत खाली उतरलं की चाक वळतं आणि माणूस आडवा होतो. म्हणून गाणं ऐकू आलं की मी मागून ओरडते, "बाई, गाणं!" आणि ट्रॅक्टर दिसायच्या आत आम्ही सावकाश उतरून बाजूला उभ्या राहतो. बाईंना हे पहिल्या दोन वेळांत जमलं. तिसऱ्या वेळी त्यांनीच मला सांगितलं.

पुसेगावात भजी आणि चहा. हे बटाट्याचं गाव आणि सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं. यात्रेत रथावर नोटांच्या माळा चढतात, जनावरांचा मोठा बाजार भरतो. आम्ही गेलो तेव्हा यात्रा होऊन गेली होती. जवळच कटगुण आहे, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. बाईंनी ते नाव पाटीवर वाचलं आणि वाट वाकडी करून जायचं का म्हणून विचारलं. त्या दिवशी वेळ नव्हता. ती हळहळ त्यांना दिवसभर होती, आणि मलाही.

पुसेगाव ते दहिवडी हा पट्टा काट्यांचा. वेड्या बाभळीची झुडपं कडेला माजलेली असतात, मेंढरांचे कळप गेले की तुटलेल्या फांद्या रस्त्यावर येतात. बाईंच्या मागच्या चाकातली हवा गेली ती याच पट्ट्यात. पंक्चर काढणं सोपं आहे, काटा शोधणं अवघड. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसतो आणि बाहेरून तुटतो. आत अर्धा दाणा उरतो, रबराच्याच रंगाचा. तो राहिला तर नवी ट्यूबही दोनशे मीटरवर बसणार. मी टायर आतून उलटवून कापसाचा बोळा फिरवते, आधी एका दिशेने, मग उलट. टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. मग नेलकटरने धरून ते आतल्या बाजूला ओढायचं. त्या दिवशी एकाच टायरात तीन ठिकाणी तंतू अडकले. बाई शेजारी दगडावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "दे, चौथा मी बघते." त्यांनी डोळे मिटून बोटाच्या टोकाने टायर चाचपला आणि कापसाला न सापडलेला एक काटा काढला.

तरीही दहिवडीच्या अलीकडे चाक पुन्हा बसलं. माझ्या दोन्ही ट्यूब संपल्या होत्या, टेम्पो पुढे गोंदवल्याला पोचलेला. सायकली ढकलत आम्ही दहिवडीत शिरलो आणि पहिलं दिसलेलं पंक्चरचं दुकान गाठलं. पत्र्याची टपरी, बाहेर लटकवलेले टायर, पुढ्यात पाण्याचं घमेलं. पस्तिशीचा माणूस असेल. आमच्या सायकलची बारीक ट्यूब त्याने हातात घेतली, ताणून पाहिली, घमेल्यात बुडवली. बुडबुड्यांची बारीक माळ दिसली तिथे कॉपिंग पेन्सिलने खूण केली, घासली, सोल्युशन लावलं, आणि मग घाई न करता ते सुकेपर्यंत आमच्याशी बोलत बसला. हे सुकू देणं शहरातल्या दुकानांतून दिसेनासं झालंय. चिकटवतात आणि हातात देतात.

खरी अडचण हवा भरताना आली. आमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा जातीचा, बारीक तोंडाचा, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या तोंडाची. माझ्याकडे बोटाच्या पेराएवढं पितळी अडॅप्टर असतं, ते लावलं आणि हवा गेली. त्याने ते अडॅप्टर काढून तळहातावर घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "आमच्याकडं असली सायकल येतीया आठपंधरा दिसाला. पंढरपूरला जाणारी. हवा भरता येत न्हाई म्हणून परत पाठवायला लागतंय." माझ्याकडे आणखी एक होतं. ते त्याला दिलं. त्याने ते फळीवरच्या खिळ्याला सुतळीने बांधून टाकलं आणि आमच्याकडून पंक्चरचे नेहमीचेच पैसे घेतले. त्या रस्त्याने पुन्हा गेले तेव्हा टपरीवर पाटी दिसली, खडूने लिहिलेली: फॉरेन सायकलची हवा मिळेल.

सव्वा तास गेला होता. गोंदवल्यात पोचलो तेव्हा पुढची मंडळी जेवून सावलीला आडवी झाली होती. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधी मंदिरात दुपारी येईल त्याला प्रसादाचं जेवण मिळतं. महाराज १९१३ साली गेले, अन्नदानाची ही रीत चालूच आहे. आम्हाला शेवटची पंगत मिळाली. घामाने डबडबलेल्या, टाइट घातलेल्या आम्ही, आणि शेजारी नऊवारीतल्या आजी, कोणीही काही विचारलं नाही. वाढणाऱ्याने फक्त बाईंच्या ताटाकडे बघून भात जरा जास्त वाढला.

जेवणानंतर वारा सुरू झाला. थंडीच्या दिवसांत या पठारावर वारा पूर्वेकडून येतो आणि आम्हाला पूर्वेलाच जायचं होतं. समोरच्या वाऱ्यात माणूस चढापेक्षा लवकर खचतो, कारण चढ दिसतो तरी. अशा वेळी प्रश्न येतो, "अजून किती?" याचं उत्तर मी किलोमीटरमध्ये देत नाही. पन्नास म्हटलं की पन्नास अंगावर येतात. मी गावाचं नाव सांगते. "आता म्हसवड." म्हसवड आल्यावर "आता पिलीव." थकलेल्या माणसाला एका गावाच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हेच माझं काम, असं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललंय. बाईंनी ही युक्ती तासाभरात ओळखली. "मी पण पहिलीच्या पोरांना अख्खं पुस्तक कधी दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "आजचा धडा तेवढा उघडायचा." त्यानंतर त्यांनी अंतर विचारलं नाही.

म्हसवडला लिंबू सरबत घेताना त्यांना त्या गावच्या बँकेची गोष्ट सांगितली. चेतना सिन्हांनी इथल्या बायकांना घेऊन बँक काढायची ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, मग पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाईंनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. आयुष्यभर फळ्यावर व्याजाची गणितं घातलेली बाई होती ती.

इथे एका गोष्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण सहलींच्या जाहिरातींत ती कधी नसते. बायकांसाठी रस्त्यावर स्वच्छतागृह कुठे आहे? माझ्याकडे एक वही आहे. कुठल्या पेट्रोल पंपावर कडी लागते, कुठल्या शाळेत सुट्टीच्या दिवशी किल्ली कोणाकडे असते, कुठल्या उपकेंद्रातल्या सिस्टर दार उघडतात, हे सगळं त्यात आहे. कित्येक स्टँडवरच्या मुताऱ्यांत पाऊल टाकवत नाही, आणि त्या भीतीने बायका सायकल चालवताना पाणीच पीत नाहीत. मग दुपारी दोन वाजता डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि लोक म्हणतात, बाईमाणसाला झेपत नाही. झेपतं. पाणी प्यायला मिळालं तर झेपतं. म्हसवडच्या पुढे रस्त्याला लागून एका वस्तीवरचं घर माझ्या वहीत आहे. तिथल्या काकूंनी एकदा मला आपणहून हाक मारली होती. त्या दिवशी बाईंना घेऊन गेले तेव्हा त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. "मागं हाय, जावा. आन् पाय धुवून बसा जरा." गुळाचा चहा झाला. निघताना त्यांनी बाईंच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "दुखत न्हाई व्हय?" बाई म्हणाल्या, "दुखतो की." दोघी हसल्या.

पिलीव मागे पडलं तेव्हा शाळा सुटल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पाच-सहा मुली सायकलवरून आल्या आणि आमच्या बरोबरीने चालवायला लागल्या. दप्तर कॅरियरला, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, चाकात जाऊ नये म्हणून. या दुष्काळी पट्ट्यात मुलींची शाळा सुटायचं एक कारण अंतर हेच होतं. माणदेशी फाउंडेशनने मुलींना शाळेसाठी सायकली देण्याचं काम केलंय, सरकारी योजनांतूनही सायकली आल्या, आणि आता संध्याकाळी पाचला हा रस्ता मुलींचा असतो. बाईमाणूस सायकलवर दिसण्याचं नवल इथे राहिलेलं नाही. नवल वाटतं ते वयाचं.

"आजी, तुमचं वय किती?"

"एकसष्ट."

"आन् पंढरपूरला चाललाय? साताऱ्यापासनं?"

"हो गं. तू रोज किती चालवतेस?"

"जाऊन-येऊन बारा किलोमीटर."

बाईंच्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं. "वर्षात शाळा दोनशे दिवसांच्या वर भरते. म्हणजे तू वर्षाला किती चालवतेस, काढ बरं." मुलगी पेडल मारता मारता ओठ हलवत हिशेब करू लागली. "चोवीसशे!" तिचं तिलाच नवल वाटलं. बाई म्हणाल्या, "मग? मी आजच्या दिवसात जेवढं जाते ते तू बारा दिवसांत करतेस, आणि मी दमून उद्या झोपणार, तू उद्या परत शाळेत." मी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं नाव घेतलं. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. मुलींना ती माहीत होती. एकीने सांगितलं, आमच्या सरांनी फोटो लावलाय वर्गात. मुलींनी आपापल्या वस्तीच्या फाट्यावर हात केला आणि त्या वळल्या. त्या तीन-चार किलोमीटरांत बाईंचा वेग ताशी पंधरावर गेला होता. त्यांना पत्ता नव्हता.

पण सूर्य काही थांबत नाही. पावणेसहाला भाळवणीत पोचलो तेव्हा पुढची मंडळी पंढरपुरात चंद्रभागेच्या पुलाशी पोचल्याचा फोन आला. सकाळच्या पंक्चरांचा आणि दुपारच्या वाऱ्याचा वेळ आता अंगावर आला होता. उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर या रस्त्यांनी मी कोणालाही नेत नाही. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, आणि बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच दगड लावून सोडून दिलेली असते. टेम्पो स्टँडसमोर उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्या वेळी मी पहिल्यांदा त्यांना आकडे सांगितले. "बाई, वीसेक किलोमीटर राहिलेत. आपल्या चालीने दोन तास. अंधार पडायला पाऊण तास."

"माझ्या सायकलला दिवा आहे."

"आहे. ट्रॉलीला नाही."

त्या बाकड्यावर बसल्या. चहा सांगितला. मी समजूत घालत बसले नाही. साठ वर्षांच्या माणसाला खरी माहिती दिली की तो ठरवतो, आणि वीस वर्षांच्यालाही तेवढाच मान द्यावा लागतो. टेम्पोमध्ये बसणं म्हणजे हरणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला दर सहलीत बोलावं लागतं. बाईंना तसं वाटत असेल की काय, याचा अंदाज येत नव्हता. अर्धा कप संपल्यावर त्यांनी टेम्पोवाल्या दादांना हाक मारली.

"दादा, उद्या सकाळी मंडळी किती वाजता निघणार?"

"दर्शन, नाश्ता करून दहाला, बाई."

"मग मला सहाला इथे आणून सोडाल का? याच चहावाल्यासमोर. मी इथून पंढरपूरला येईन, दहाच्या आत."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी जरा विचार केला.

"सहाला अंधार असतोय. पावणेसातला सोडतो, उजाडल्यावर. आन् रात्रीच सायकलच्या दोन्ही चाकांत हवा बघून ठेवा, सकाळी मला थांबवू नका."

"ठेवते," बाई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तो कापूस माझ्याकडे दे."